लहान भिंग आणि रस्त्यावरचा माणूस



रस्त्यावरून जातां येतां दिसणाऱ्या माणसांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद आज पुष्कळांस लागला आहे. या छंदाच्या आरंभीं बहुतेकजण एकच प्रश्न विचारतात : कोणाच्या नजरेंत भरणार नाहीं असें लहानसें भिंग कोणतें घ्यावें? प्रश्न बाजारांतला वाटतो, आणि दुकानदार त्याचें उत्तर किंमतींच्या पत्रकावर बोट ठेवून देतो. परंतु या प्रश्नामागें सुमारें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत आपल्या मुंबईचा वाटा फार जुना आहे. भिंग लहान कां झालें, तें लहान झाल्यामुळें पाहणारा व पाहिला जाणारा यांच्या नात्यांत काय फरक पडला, आणि आज निवड करावयाची ती कोणत्या कसोटीवर करावी, या तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे. मी व्यवसायानें शाळामास्तर. मॅट्रिकच्या भूमितीपलीकडे माझी मजल गेली नाहीं. सुदैवानें या विषयास तेवढी भूमिति पुरते.

प्रथम जुन्या मुंबईकडे वळूं. इ. स. १८५४ मध्यें मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामांत भाग घेणाऱ्या एतद्देशीय सभासदांपैकीं एक होते. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढें मुंबईंतले नांवाजलेले फोटोग्राफर झाले. म्हणजे ही कला युरोपांत जन्मून वीस वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच आपल्या लोकांनीं ती हस्तगत केली होती.

परंतु त्या काळच्या साधनांनीं रस्ता टिपणें फार कठीण होतें. १८५१ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धति प्रचारांत येत होती. कलोडियन नांवाचा चिकट द्रव काचेवर ओतावयाचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि ती वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या खोलींत धुवून काढावयाची. घराबाहेर जावयाचें तर अंधारी खोलीही तंबूच्या रूपानें बरोबर न्यावी लागे. शिवाय त्या काळीं चित्र मोठें करण्याची सोय सुलभ नव्हती. जेवढी काच तेवढेंच चित्र. मोठें चित्र हवें तर मोठी काच, मोठ्या काचेला मोठा कॅमेरा, आणि मोठ्या कॅमेऱ्याला मोठें भिंग. अशा लवाजम्यापुढें चालता माणूस कांहीं सेकंद स्तब्ध उभा राहील तरच त्याचा चेहरा उमटावयाचा. तो चालत राहिला तर काचेवर धुक्याचा एक पट्टा तेवढा उरे.

याचा परिणाम विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरच्या ग्रंथांत उत्तम दिसतो. मुंबईंत राहणाऱ्या व मुंबईस येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांवरचा हा ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांतलीं माणसें पाहिलीं तर मुंबईच्या देखाव्यांपुढें उभीं असल्यासारखीं दिसतात. वस्तुतः माणसांचीं चित्रें निराळीं घेतलेलीं आणि मागचे देखावे निराळे घेतलेले. दोहोंची जोड मागाहून केलेली. रस्त्यावरच्या माणसास रस्त्यावरून उचलून आंत न्यावयाचें, त्यास नीट उभा करावयाचा, आणि नंतर कागदावर त्यास पुन्हां रस्ता द्यावयाचा, असा हा द्राविडी प्राणायाम होता. त्यांत माणसाचा पोशाख दिसतो, जात दिसते, धंदा दिसतो; पण तो माणूस कोठें निघाला होता आणि कोणाशीं बोलत होता, हें मात्र दिसत नाहीं. मोठ्या भिंगानें माणसाचा नमुना केला. ही उणीव लक्षांत ठेवावी, कारण लहान भिंग जन्मास आलें तें ही उणीव भरून काढण्यासाठीं.

पुढें जिलेटिनच्या कोरड्या काचा निघाल्या. त्या आधींच तयार करून ठेवतां येत, आणि त्यांवर क्षणार्धांत चित्र उमटे. तंबू गेला, तिवई गेली आणि कॅमेरा हातांत आला. १८८६ च्या सुमारास जाकिटाच्या आंत लपवून गुंडीच्या भोंकांतून भिंग बाहेर काढावयाचा चपटा कॅमेरा बाजारांत आला. नॉर्वेंत कार्ल स्टॉर्मर नांवाच्या विद्यार्थ्यानें असा कॅमेरा छातीशीं बांधून आजच्या ऑस्लो शहराच्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्यास नमस्कार करतां करतां, शेंकडों चित्रें घेतलीं. हाच विद्यार्थी पुढें मोठा गणिती म्हणून प्रसिद्धीस आला. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला कोडॅक कॅमेरा विकावयास काढला, आणि ज्यास रसायनांचें कांहींच ज्ञान नाहीं असा गृहस्थही फोटोग्राफर झाला.

येथेंच पहिली तक्रार ऐकूं येते. १८९० सालीं बोस्टनमधील वॉरेन व ब्रँडाइस या दोन वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत एक लेख लिहिला. माणसास स्वतःपुरतें राहूं दिलें जाण्याचा हक्क आहे, आणि क्षणांत चित्र घेणारे कॅमेरे व वर्तमानपत्रें त्या हक्कावर आक्रमण करीत आहेत, असा त्याचा इत्यर्थ होता. खासगीपणाच्या आधुनिक कायद्याच्या मुळाशीं जे विचार आहेत त्यांत या लेखाचें स्थान मोठें मानतात. म्हणजे लहान भिंग आणि खासगीपणाचा प्रश्न हीं जवळजवळ जुळीं भावंडें होत. एकास घरांत घ्यावें आणि दुसऱ्यास दाराबाहेर ठेवावें, हें शक्य नाहीं.

आपल्याकडे याच सुमारास एका मराठी माणसानें निराळाच मार्ग दाखविला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मुंबईंत फोटोग्राफीचा धंदा करीत. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. ती करामत पाहून सावेदादांनीं विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागविला. १८९९ सालीं हँगिंग गार्डनवर पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती त्यांनीं चित्रित केली. माकडांचा खेळ करणारा माणूसही त्यांनीं टिपला. १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर रघुनाथराव परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचा सोहळाही त्यांनीं चित्रबद्ध केला. सावेदादांचा कॅमेरा लपविण्याजोगा नव्हता. तरीही कुस्ती खरी आहे आणि स्वागतही खरें आहे. कारण तेथें प्रत्येकजण आपापल्या कामांत रंगलेला होता. येथें एक मर्माची गोष्ट हातीं लागते : माणूस कॅमेरा विसरतो तो केवळ कॅमेरा लहान असल्यामुळें नव्हे, त्याच्यापुढें कॅमेऱ्याहून महत्त्वाचें कांहीं असतें तेव्हांही तो त्यास विसरतो.

आतां आजच्या लहान भिंगाच्या प्रत्यक्ष जन्माकडे येऊं. जर्मनींतील वेट्झलर गांवीं सूक्ष्मदर्शक यंत्रें करणाऱ्या लाइट्झ यांच्या कारखान्यांत ऑस्कर बारनाक नांवाचा कारागीर होता. सिनेमाची ३५ मिलीमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवून, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट म्हणजे २४ गुणिलें ३६ मिलीमीटरांची चौकट त्यानें ठरविली, आणि १९१४ च्या सुमारास कॅमेऱ्याचा पहिला नमुना सिद्ध केला. मध्यें महायुद्ध झालें. अखेर १९२५ सालीं लाइप्सिकच्या जत्रेंत लायका या नांवानें तो कॅमेरा लोकांपुढें आला. त्याचें ५० मिलीमीटरांचें भिंग माक्स बेरेक यानें आंखलें होतें. काम झालें कीं तें भिंग नळीसारखें कॅमेऱ्याच्या पोटांत ढकलतां येई आणि सगळें यंत्र कोटाच्या खिशांत जाई.

भिंग इतकें लहान कसें झालें, याचें उत्तर शाळेंतल्या समरूप त्रिकोणांत आहे. काच लहान झाली कीं तेवढाच देखावा तिच्यावर मावविण्यास भिंगही तिच्या जवळ आणावें लागतें. भिंग आणि दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा यांमधलें अंतर तें त्या भिंगाचें नाभीय अंतर. चौकट निम्मी केली तर नाभीय अंतरही निम्में होतें, आणि भिंगाचा घेर व वजन त्याच्या मागोमाग उतरतें. बारनाकनें भिंग आंखडलें तें प्रथम चौकट आंखडून. आज आपल्या हातांतल्या टेलिफोनचें भिंग हरभऱ्याएवढें कां, याचेंही उत्तर हेंच आहे.

या नव्या साधनाचा उपयोग दोन प्रकारांनीं झाला. एक प्रकार लपण्याचा. जर्मन वृत्तछायाचित्रकार एरिक सालोमन यानें १९२८ सालीं एका खटल्याच्या वेळीं टोपींत कॅमेरा लपवून न्यायालयांतलें चित्र घेतलें. त्याचा कॅमेरा लायका नव्हता; अंधुक प्रकाशांतही चालणाऱ्या मोठ्या छिद्राच्या भिंगाचा तो एर्मानॉक्स होता. त्यापूर्वीं १९१६ सालीं न्यूयॉर्कांत पॉल स्ट्रँड यानें कॅमेऱ्यास एका बाजूस खोटें भिंग लावून, लोकांस तो दुसरीकडेच पाहत आहे असें भासवून, चित्रें घेतलीं होतीं. १९३८ पासून १९४१ पर्यंत वॉकर एव्हान्स यानें न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत कोटाच्या आंत कॅमेरा ठेवून समोरच्या बांकावरच्या उतारूंचे चेहरे टिपले. मात्र तीं चित्रें पुस्तकरूपानें १९६६ पर्यंत बाहेर आलीं नाहींत. चित्र घेणें एक आणि तें लोकांपुढें मांडणें दुसरें, हा भेद येथें सहज दिसून येतो.

दुसरा प्रकार न लपतां नम्रपणें वावरण्याचा. फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा बहुतेक आयुष्यभर लायका आणि ५० मिलीमीटरांचें भिंग यांवर निभावला. कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर तो काळी पट्टी लावी. १९४७ सालीं तो हिंदुस्थानांत आला, आणि ३० जानेवारी १९४८ रोजीं, महात्माजींच्या अंतापूर्वीं थोडाच वेळ, तो त्यांच्या भेटीस गेला होता. त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकाशीं जमलेल्या शोकाकुल लोकांस पंडित नेहरू ती बातमी सांगत आहेत, हें त्याचें चित्र जगप्रसिद्ध आहे. आपल्या मुंबईंत होमाई व्यारावाला यांनीं १९३० नंतरच्या दशकांत शहराच्या दैनंदिन जीवनाचीं आणि जे. जे. कलाशाळेंतल्या सहाध्यायिनींचीं चित्रें घेतलीं. तीं प्रथम माणेकशा व्यारावाला यांच्या नांवानें छापलीं जात. त्यांच्या वापरांत असलेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यांत वरून पहावें लागतें. कॅमेरा छातीशीं व मान खालीं. समोरच्यावर नजर रोखली जात नाहीं, आणि त्यास दरारा वाटत नाहीं. नजरेंत न भरण्याचा हाही एक मार्ग, आणि त्यांत फसवणूक मुळींच नाहीं.

इतिहास एवढा पाहिल्यावर निवडीचा प्रश्न सोपा होतो. बारनाकच्या चौकटीचें माप आजही प्रमाण मानतात, म्हणून त्याच मापानें हिशेब करूं. एक उभा माणूस, डोक्यावर व पायांखालीं थोडी जागा सोडून, सहा फूट धरूं. आडव्या चौकटींत तो पुरता मावण्यास २८ मिलीमीटरांच्या भिंगानें सुमारें सात फुटांवर उभें रहावें लागतें, ३५ च्या भिंगानें पावणेनऊ फुटांवर, ५० च्या भिंगानें साडेबारा फुटांवर, आणि १३५ च्या लांब भिंगानें जवळजवळ चौतीस फुटांवर. सात फूट म्हणजे ओसरीवर समोरासमोर बसलेल्या दोघांतलें अंतर. साडेबारा फूट म्हणजे गल्लीच्या पलीकडच्या कडेचा माणूस. चौतीस फुटांवरून मात्र आपण कोण हें त्यास समजत नाहीं, आणि तो काय बोलतो हें आपणांस ऐकूं येत नाहीं. शिवाय लांब भिंग तोफेसारखें पुढें आलेलें असतें. म्हणून दुरून घेतल्यानें चित्र सभ्य होतें ही समजूत दोन्ही बाजूंनीं चुकते : भिंग लपत नाहीं, आणि ओळखही होत नाहीं.

दुसरा हिशेब स्पष्टतेचा. रस्त्यावर भिंग फिरवून नेम धरण्यास वेळ नसतो, म्हणून अंतर आधींच लावून ठेवावें लागतें. नाभीय अंतराचा आठवा हिस्सा एवढें छिद्र, ज्यास फोटोग्राफर एफ ८ म्हणतात, तें ठेवलें तर २८ चें भिंग अकरा फुटांवर लावून ठेवावें. साडेपांच फुटांपासून क्षितिजापर्यंत सर्व कांहीं बऱ्यापैकीं स्पष्ट येतें. ३५ चें भिंग सतरा फुटांवर लावलें तर साडेआठ फुटांपुढचें स्पष्ट येतें. ५० चें भिंग चौतीस फुटांवर लावावें लागतें आणि सतरा फुटांच्या आंतलें पुसट होतें. म्हणजे नेम न धरतां चित्र घ्यावयाचें असेल तर २८ किंवा ३५ हींच भिंगें सोयीचीं. ५० चें भिंग शांतपणें उभें राहून, अंतर पाहून, घेण्याच्या चित्रांचें.

तिसरा हिशेब छिद्राचा, आणि येथें दुकानदाराचें व गिऱ्हाइकाचें हित एक नसतें. ५० मिलीमीटरांच्या भिंगाचें छिद्र एफ १.४ हवें असेल तर त्याच्या प्रकाशमार्गाचा व्यास सुमारें ३६ मिलीमीटर ठेवावा लागतो, एफ २.८ वर समाधान मानलें तर १८ मिलीमीटर पुरतो. ३५ च्या भिंगास एफ २.८ साठीं साडेबारा मिलीमीटर पुरे होतात. प्रकाश चौपट हवा म्हणून व्यास दुप्पट करावा, तर कांच, वजन व किंमत हीं तिन्ही दुपटीहून अधिक वाढतात. पूर्वीं हा प्रकाश खरोखरच लागे, कारण फिल्मची संवेदनशीलता मर्यादित असे. आजचे अंकीय कॅमेरे जुन्या ४०० अंकी फिल्मच्या आठपट संवेदनशीलतेवरही चांगलें काम देतात. म्हणून रस्त्यावरच्या कामास एफ २.८ चें लहान भिंग पुरेसें आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

अशीं भिंगें करण्याची विद्या जुनीच. १९०२ सालीं त्साइस यांच्या कारखान्यांत पॉल रुडॉल्फ यानें चार कांचांचें टेसार भिंग आंखलें, आणि पुढील कित्येक लहान भिंगें त्याच घराण्यांतलीं आहेत. १९६६ च्या रोलाय ३५ या मुठीएवढ्या कॅमेऱ्यावर ४० मिलीमीटरांचें टेसारच होतें. जपानांत योशिहिसा माइतानी यानें १९७९ सालीं ऑलिंपस एक्सए हा सरकत्या झांकणाचा कॅमेरा आंखला. त्याचें ३५ मिलीमीटर, एफ २.८ चें भिंग झांकणाआड मावे. १९९६ सालीं रिको जीआर १ हा २८ च्या भिंगाचा खिशांतला कॅमेरा निघाला, आणि २००५ पासून त्याचा अंकीय वंशही चालू झाला.

भिंग बदलतां येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांत एक अडचण होती. आरसा हलण्यास जागा लागते, म्हणून भिंग मागें सरकवितां येत नाहीं. आणि २८ किंवा ३५ चीं भिंगें त्यासाठीं मुद्दाम लांब व जड करावीं लागतात. ४० मिलीमीटरांच्या आसपास मात्र ती अडचण बेतांत येते. म्हणून १९७६ सालीं पेंटॅक्सनें व २०१२ सालीं कॅननने ४० मिलीमीटरांचींच चपटीं भिंगें काढलीं. कॅननचें भिंग २३ मिलीमीटरांहून जाड नाहीं आणि वजन अवघें १३० ग्रॅम. इंग्रजींत अशा भिंगास पॅनकेक म्हणतात. आपण धिरडें म्हणावयास हरकत नाहीं. ज्यांच्या घरीं आरशाचा जुना कॅमेरा पडून आहे, त्यांनीं नवें यंत्र न घेतां एखादें धिरडें घ्यावें. बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत ही अडचण राहिलेली नाहीं. चौकट दीडपट लहान असलेल्या कॅमेऱ्यांत वरील आंकड्यांस दीडानें भागावें. तेथें २३ चें भिंग ३५ सारखें आणि १८ चें २८ सारखें काम देतें.

आतां हा हिशेब आमच्या गांवास लावून पाहूं. मी हिंजवडीस राहतों. मुळशी तालुक्यांतलें हें शेतकऱ्यांचें गांव. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें येथें संगणकाच्या उद्योगांसाठीं जमीन घेतली, आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्क या नांवानें तिचे टप्पे माणपर्यंत पसरले. आज सकाळच्या वेळीं चौकांत उभें राहिलें तर गळ्यांत ओळखपत्र अडकविलेले तेलुगु, तामिळ, बंगाली, हिंदी बोलणारे तरुण, त्यांना चहा देणारा टपरीवाला, गवंडीकामास निघालेल्या बाया, आणि त्या गर्दींतून गाई हांकणारा एखादा जुना शेतकरी, हे सर्व एकाच चौकटींत दिसतात. माझ्या माहितीच्या जुन्या घरांत आल्बम आहेत, पण ते लग्नामुंजींचे. जेथें आज कांचेचे मनोरे आहेत तेथें ज्वारी उभी असतांनाचा रस्ता, विहिरीवरची बोलाचाली, बाजारचा दिवस, यांचीं चित्रें त्या आल्बमांत नाहींत. लग्नांत फोटोग्राफर येई. रस्त्यावर येण्याचें त्यास कारण नव्हतें. म्हणून आज एखादा तरुण लहान भिंग घेऊन रस्त्यावर उतरतो तेव्हां मला तें रिकामपणचें काम वाटत नाहीं. तो पुढच्या पिढीचा कागद तयार करीत असतो.

तरीही दुसरी बाजू तितकीच खरी आहे. आमच्याकडे चैत्री पौर्णिमेस म्हातोबाची यात्रा भरते आणि हिंजवडीहून वाकडपर्यंत बगाड निघतें. बगाडावर चढणारा मानकरी, ज्यास गळकरी म्हणतात, तो भक्तिभावानें तेथें असतो. मिरवणुकींतला रस्ता सर्वांचा आहे, आणि तेथें चित्र घेण्यास कोणाची आडकाठी नसावी. सावेदादांच्या कुस्तीसारखाच तोही सर्वांसमक्षचा सोहळा आहे. परंतु मिरवणूक संपल्यावर तोच मनुष्य घरच्या माणसांत टेंकून बसला असेल, तेव्हांचें त्याचें चित्र हें निराळें प्रकरण आहे. रस्ता तोच, माणूस तोच, भिंग तेंच. हक्क मात्र तोच नाहीं.

एका बाजारच्या दिवशीं भाजी विकणाऱ्या एका वृद्ध बाईनें कॅमेरा लपवूं पाहणाऱ्या तरुणास जें सुनावलें तें मीं स्वतः ऐकलें आहे. ती म्हणाली, "फोटू काढायचा तर काढ की बाबा, पण चोरावानी कशापायी?" या एका वाक्यांत बोस्टनच्या दोन वकिलांचा सगळा लेख आला. तिची हरकत चित्रास नव्हती. आपणांस विचारण्याच्या योग्यतेचें मानलें नाहीं, याचा तिला राग होता.

कायदा याबाबत कांहीं अंशीं मार्ग दाखवितो. २०१७ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. स्त्रियांचीं खासगी अवस्थेंतलीं चित्रें चोरून घेणें हा २०१३ पासून आपल्या कायद्यांत निराळा गुन्हा आहे. परंतु सार्वजनिक रस्त्यावर सभ्य चित्र घेण्यास सरसकट बंदी नाहीं. मधली मोठी जागा कायद्यानें मोकळी सोडली आहे, आणि ती शिष्टाचारानें भरावी लागते.

त्या शिष्टाचाराचा धडा हवा असेल तर सुधारक ओळवे यांच्या कामाकडे पहावें. मूळचे अकोल्याचे हे वृत्तछायाचित्रकार. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचीं त्यांनीं घेतलेलीं कृष्णधवल चित्रें सर्वत्र गाजलीं, आणि २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. तीं चित्रें पाहिलीं कीं एक गोष्ट तत्काळ पटते : छायाचित्रकार त्या माणसांपासून चार पावलांवर आहे. घाण, गटार, घाम आणि घर हीं सर्व त्यानें जवळून पाहिलीं आहेत. इतक्या जवळ लपून जातां येत नाहीं. तेथें ओळख लागते, आणि ओळखीस दिवस द्यावे लागतात. त्या कामगारांकडे पाहून न पाहिल्यासारखें करण्याची शहराची जी संवय, तिच्यावर या चित्रांनीं प्रहार केला. जॉन्सनच्या ग्रंथांत माणूस जातीचा नमुना म्हणून उभा होता. येथें ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या जातीमुळें हें काम करावें लागलें तीं माणसें माणसें म्हणून उभीं आहेत. दीडशें वर्षांत भिंग लहान झालें त्याचें सार्थक अशा ठिकाणीं होतें.

तेव्हां माझा सल्ला थोडक्यांत असा. एकच भिंग घ्यावयाचें असेल तर ३५ मिलीमीटरांचें, एफ २.८ किंवा एफ २ चें, काळें व हलकें घ्यावें. गांवठाणाच्या अरुंद गल्ल्यांत आणि यात्रेच्या गर्दींत जो वावरणार आहे त्यानें २८ चें घ्यावें. ज्याचा स्वभाव भिडस्त आहे, किंवा ज्यास एकेका चेहऱ्याकडे निवांतपणें पहावयाचें आहे, त्यानें ५० चें घ्यावें. लांब भिंग पक्ष्यांसाठीं ठेवावें. एक भिंग घेतल्यावर वर्षभर दुसरें पाहूं नये, म्हणजे डोळ्यास त्याची चौकट पाठ होते, आणि कॅमेरा उचलण्यापूर्वींच काय मावेल तें कळूं लागतें.

आणि लहान भिंगाचा खरा उपयोग ध्यानांत धरावा. समोरच्याचें चाललेलें काम आपल्यामुळें थांबूं नये, त्याचें हंसणें आपल्यासाठीं बदलूं नये, एवढ्यासाठीं तें लहान असावें. आपणांस कोणी पकडूं नये म्हणून नव्हे. ज्या अंतरावरून त्या माणसास हांक मारली तर ऐकूं जाईल, त्याच अंतरावरून चित्र घ्यावें. त्यानें विचारलें तर कॅमेरा दाखवावा, त्यानें नको म्हटलें तर चित्र पुसावें, आणि लहान मुलांचीं, आजाऱ्यांचीं, दुःखांत असलेल्यांचीं चित्रें आधीं विचारल्यावांचून घेऊं नयेत. घेतलेलें प्रत्येक चित्र जगास दाखविलेंच पाहिजे असेंही नाहीं. एव्हान्सनें आपलीं चित्रें पंचवीस वर्षें राखून ठेवलीं. शक्य असेल तेथें एक प्रत त्या माणसास नेऊन द्यावी. भाजीवालीच्या घरांत भिंतीवर लागलेलें तिचें चित्र कोणत्याही प्रदर्शनांतल्या चित्राहून कमी मोलाचें नसतें, आणि पुढच्या खेपेस तीच आपणांस म्हणते, "या मास्तर, बसा, घ्या फोटू."